ट्रायथलॉन-सायकलीच्या हँडलची उंची : एक माप की दोन?

१. विषयाची मर्यादा

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन क्रिया मध्ये खंड न पडू देता एकामागून एक करावयाच्या शर्यतीस ट्रायथलॉन असे म्हणतात. १९७४ साली कॅलिफोर्नियातील सान दिएगो येथे या नावाची पहिली शर्यत झाली आणि १९७८ साली हवाई बेटांवर ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल व ४२.२ किलोमीटर धावणे असे तिचे दीर्घ रूप अवतरले. त्याच्या निम्म्या अंतराची शर्यत गोव्यात पणजीजवळील मिरामार किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रथम भरली. तेव्हापासून हा खेळ कोकणच्या अगदी उंबरठ्यावर आला आहे. देवरूखहून निघून संगमेश्वरापाशी मुंबई-गोवा रस्त्याला लागणाऱ्या तरुणास या शर्यतीतील ९० किलोमीटर सायकल आता केवळ वर्तमानपत्रात वाचावयाची गोष्ट राहिलेली नाही.

या खेळासाठी जी खास सायकल बनविली जाते, तिच्या हँडलची उंची कशी ठरते, ती कितपत बदलता येते आणि ती बदलताना आणखी काय काय बदलते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ऑलिंपिकमध्ये २००० सालापासून जी आखूड ट्रायथलॉन खेळली जाते तीत दुसऱ्या स्वाराच्या आडोशाने चालण्यास मुभा असल्याने साध्या शर्यती सायकली वापरतात; त्या येथे विचारात घेतलेल्या नाहीत. ज्या दीर्घ शर्यतींत प्रत्येक स्वाराने वाऱ्याशी एकट्यानेच झुंजावयाचे असते, त्यांतील सायकलीपुरताच हा विचार आहे.

विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु अशा सायकलीची किंमत बहुधा काही लाखांच्या घरात असते, मोठ्या शहरांबाहेर ती अंगाला जुळवून देणारा जाणकार क्वचितच भेटतो आणि चुकीच्या मापाची चौकट घेतली तर तो दोष पुढे कोणत्याही पान्याने दुरुस्त होत नाही. मान, कंबर व हाताचे तळवे यांची दुखणी हा त्या चुकीचा दुसरा दंड होय.

२. जुन्या सायकलीची सोय

आरंभी एका परिचित वस्तूकडे पाहू. १९४९ साली मद्रासेत ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सचा, १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलसचा आणि १९५६ साली लुधियान्यास हीरोचा कारखाना निघाला. त्यांतून बाहेर पडलेली काळी, उभट सायकल पोस्टमन, दूधवाले व शाळामास्तर यांनी गावोगाव चालविली. तिचे हँडल एका वाकड्या दांडीला जोडलेले असे आणि ती दांडी पुढच्या चिमट्याच्या पोकळ नळीत उतरलेली असे. दांडीच्या खालच्या टोकाशी एक पाचर असे. माथ्यावरचा बोल्ट आवळला म्हणजे पाचर वर खेचली जाई आणि दांडी नळीत घट्ट बसे. उंची बदलावयाची झाल्यास बोल्टाचे चारपाच आटे सैल करावयाचे, त्यावर लाकडाचा तुकडा धरून हातोडीचा एक ठोका घालावयाचा, पाचर सुटली की दांडी हवी तितकी वर ओढावयाची आणि पुन्हा आवळावयाची. दांडीवर कोरलेली कमाल मर्यादेची खूण नळीबाहेर दिसू द्यावयाची नाही, एवढेच पथ्य. ब्रेक सळईचे असल्याने त्या सळयाही तितक्याच सरकवाव्या लागत. तरीही हे सारे काम रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडे चहा पिऊन होईपर्यंत आटोपत असे.

१९९० नंतरच्या दशकात ही रचना शर्यती सायकलींवरून हळूहळू नाहीशी झाली. नव्या रचनेत चिमट्याची नळीच चौकटीच्या वर निघते आणि हँडल धरणारी स्टेम तिला बाहेरून मिठी मारते. स्टेमखाली ज्या कड्या घालतात त्यांना स्पेसर म्हणतात. ही रचना हलकी व ताठ आहे, यात शंका नाही. परंतु नळी एकदा कापली की पुन्हा वाढत नाही आणि तिच्या उरलेल्या लांबीइतकेच काय ते हँडल उंचावते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या स्वस्त सायकलीत जी सोय गृहीत होती ती आजच्या अत्यंत महाग सायकलीत मोजून-मापून आधीच विकत घ्यावी लागते. प्रश्न येथून सुरू होतो.

३. हँडल एक, उंची दोन

ट्रायथलॉन-सायकलीवर हाताला दोन जागा असतात. पहिली जागा म्हणजे आडवे, पंखासारखे खालचे हँडल. त्यास बेसबार म्हणतात व त्याच्या टोकांना ब्रेक असतात. दुसरी जागा त्यावर उभारलेल्या दोन गाद्यांची असून त्यांवर कोपराजवळचा हात टेकतो आणि त्यांतून पुढे निघालेल्या दोन दांड्या तळव्यांत येतात. या वरच्या जोडणीस एरोबार म्हणतात. हात जवळ घेऊन, पाठ आडवी करून वाऱ्याला लहानात लहान आकार दाखविणे हा तिचा हेतू.

या जोडणीचे महत्त्व जगाला पटले ते २३ जुलै १९८९ रोजी. टूर द फ्रान्सच्या अखेरच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची एकट्याने धावावयाची दौड होती. अमेरिकन स्वार ग्रेग लेमाँड हा लोराँ फिन्यों याच्या ५० सेकंद मागे होता. लेमाँडने एरोबार लावले होते व फिन्योंने नव्हते. लेमाँडने ती सारी पिछाडी भरून काढली आणि तीन आठवड्यांची शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. त्या दिवसापासून “हँडल जितके खाली तितकी गती अधिक” असा एक समज रूढ झाला. पण हे विसरले जाते की लेमाँडला ती बैठक २७ मिनिटांहूनही कमी काळ सांभाळावयाची होती. ९० किलोमीटरच्या स्वारास ती तीन तास वा अधिक सांभाळावी लागते व त्यानंतर २१.१ किलोमीटर धावावयाचे असते.

तेव्हा “हँडलची उंची” या शब्दप्रयोगात दोन निराळी मापे दडलेली आहेत : कोपरगादीची उंची आणि बेसबारची उंची. पुढील विवेचनात त्यांची गल्लत होऊ न देणे, हाच खरा मुद्दा आहे.

४. उंची कोठून मोजावी

जमिनीपासून मोजलेली उंची निरुपयोगी होय, कारण चाकाचा व्यास बदलला की तीही बदलते. सीटपासून मोजलेली उंची व्यवहारात उपयोगी पडते, पण सीटच सरकते, त्यामुळे तीही स्थिर नाही. क्रँकचा आस, म्हणजे पेडलांच्या दांड्या ज्याभोवती फिरतात तो बिंदू, हा मात्र चौकटीत पक्का असतो. म्हणून तोच आरंभबिंदू धरावा. त्या बिंदूपासून हेड ट्यूबच्या माथ्याचे उभे अंतर म्हणजे चौकटीचा स्टॅक आणि आडवे अंतर म्हणजे रीच. ही परिभाषा रूढ करण्यात डॅन एम्पफील्ड या अमेरिकन रचनाकाराचा वाटा मोठा आहे. १९८० नंतरच्या दशकात उभ्या सीट-नळीची खास ट्रायथलॉन-सायकल प्रथम बाजारात आणणाराही तोच. कोपरगादीचेही असेच दोन सहनिर्देशक घेता येतात : क्रँकच्या आसापासून गादी किती वर आणि किती पुढे.

हे मापन घरी करता येते. सायकल भिंतीलगत सरळ उभी करावी, दोन्ही चाके पाणसळीने समपातळीत आहेत याची खात्री करावी आणि गवंड्याचा ओळंबा गादीच्या मागील कडेवरून व सीटच्या टोकावरून सोडून भिंतीवर खुणा कराव्यात. जमिनीपासून आसाची उंची सर्व उंचींतून वजा केली की हवे ते आकडे मिळतात. जेथे खास यंत्र नाही तेथे ओळंबा आणि टेप यांवर काम भागते. फक्त प्रत्येक माप तीनदा घ्यावे.

५. उंची आणि पुढे सरकणे यांचे नाते

साध्या शर्यती सायकलीची सीट-नळी आडव्या रेषेशी सुमारे ७३ अंशांचा कोन करते. ट्रायथलॉन-सायकलीत हा कोन ७८ अंश वा त्याहून अधिक असतो. या पाच अंशांत हँडलच्या उंचीचे सारे रहस्य आहे.

एक स्वार घेऊ. त्याच्या सीटचे आसापासून अंतर ७५ सेंटिमीटर आहे. ७३ अंशांवर सीट आसाच्या २१.९ सेंटिमीटर मागे व ७१.७ सेंटिमीटर वर येते. त्याची कोपरगादी आसापासून ५० सेंटिमीटर पुढे आणि ६५ सेंटिमीटर वर आहे असे समजू. सीट व गादी यांच्या उंचीतील फरक, ज्यास उतार म्हणू, तो ६.७ सेंटिमीटर झाला.

आता स्वाराचे सर्व शरीर जसेच्या तसे ठेवून ते क्रँकच्या आसाभोवती पाच अंश पुढे फिरविले, अशी कल्पना करा. एखादे पुतळ्याचे घडीव शिल्प त्याच्या बैठकीसकट पुढे कलवावे तसे हे आहे. सीट आता ७८ अंशांवर, म्हणजे आसाच्या १५.६ सेंटिमीटर मागे आणि ७३.४ सेंटिमीटर वर आली. गादी ५५.५ सेंटिमीटर पुढे आणि ६०.४ सेंटिमीटर वर आली. उतार ६.७ वरून १३.० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला. तथापि मांडी व धड यांमधील कोन, गुडघ्याचा कोन, खांद्याचा कोन यांपैकी एकही बदललेला नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की मोठा उतार हा स्वाराच्या लवचीकपणाचा पुरावा नव्हे. तो सीट किती पुढे आहे यावरही तितकाच अवलंबून असतो. दुसऱ्याच्या सायकलीवरचा उतार पाहून आपले हँडल खाली करणे म्हणूनच अशास्त्रीय ठरते. दुसरा निष्कर्ष असा की सीट जागच्या जागी ठेवून गादी तेवढी साडेचार सेंटिमीटर खाली नेली, तर मांडी व धड यांमधील कोन मिटतो. प्रत्येक फेऱ्यास मांडी पोटाकडे येते, श्वास आखडतो आणि स्वार नकळत सीटच्या टोकावर घसरत जातो. तो टोकावर बसलेला दिसला की समजावे, त्याच्या शरीराने सीट-नळीचा कोन आपणहून बदलून घेतला आहे.

गारसाइड आणि डोरन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ७३ व ८१ अंशांच्या सीट-नळीवर सायकल चालवून नंतर १० किलोमीटर धावावयास लावले तेव्हा उभ्या नळीनंतरचे धावणे, विशेषतः त्याचा पूर्वार्ध, अधिक जलद झाला. त्या प्रयोगातील खेळाडूंची संख्या लहान होती, हे ध्यानात ठेवून त्याचे वजन ठरवावे. तरीही मांडीचा कोन मोकळा ठेवण्याची किंमत धावताना वसूल होते, या अनुभवाशी तो सुसंगत आहे.

६. तीच गादी, दोन निराळ्या सायकली

आता जुळणीच्या साधनांकडे वळू. उंची वाढविण्याचे मुख्य मार्ग दोन. एक, स्टेमखाली स्पेसर घालणे. दुसरा, बेसबार तेथेच ठेवून गाद्यांखाली ठोकळे, ज्यांना रायझर म्हणतात, ते घालणे. तिसरा मार्ग स्टेमचा कोन बदलण्याचा आहे. त्याचे परिणाम पहिल्यासारखेच असल्याने त्याचा वेगळा विचार करीत नाही.

स्पेसर ज्या नळीवर बसतात ती उभी नसून मागे कललेली असते. तिचा कोन ७२ अंश धरल्यास १० मिलिमीटरच्या स्पेसरने हँडल ९.५ मिलिमीटर वर जाते आणि त्याच वेळी ३.१ मिलिमीटर मागे येते. रायझर मात्र बहुधा सरळ वर उचलतात. पुढे-मागे हालचाल जवळजवळ नसते. हा भेद लहान दिसतो, पण चार सेंटिमीटरच्या स्पेसरने गादी सव्वा सेंटिमीटर मागे येते आणि मग कोपर गादीच्या पुढच्या कडेवर टेकू लागते.

एका चौकटीचे गणित मांडू. चौकटीचा स्टॅक ५२, वरचे झाकण १.५, स्टेमच्या जाडीचा अर्धा भाग २ सेंटिमीटर. स्टेम आडवी आहे. बेसबारचा मध्य अशा रीतीने ५५.५ सेंटिमीटरवर येतो. गादी बेसबारच्या निदान ६ सेंटिमीटर वर बसते, म्हणून गादीची किमान उंची ६१.५ सेंटिमीटर. स्पेसर कमाल ४ सेंटिमीटर, म्हणजे उभे ३.८, आणि रायझर कमाल ६ सेंटिमीटर वापरता येतात असे धरले तर गादीची कमाल उंची ७१.३ सेंटिमीटर.

आपल्या स्वारास ७३ अंशांवर ६५ सेंटिमीटर उंचीची गादी हवी होती. ती किमान व कमाल यांच्या दरम्यान आहे. ती साडेतीन सेंटिमीटरचे रायझर घालून मिळते अथवा उभ्या दिशेने साडेतीन सेंटिमीटर भरतील इतके स्पेसर घालूनही मिळते. पहिल्या प्रकारात बेसबार ५५.५ सेंटिमीटरवरच राहतो. सीटपासून तो १६.२ सेंटिमीटर खाली पडतो. दुसऱ्या प्रकारात तो ५९ सेंटिमीटरवर जातो व फरक १२.७ सेंटिमीटर उरतो. गादीवर टेकलेल्या स्वारास या दोन सायकलींत काहीही भेद जाणवणार नाही. बेसबार धरणाऱ्या स्वारास मात्र त्या दोन परक्या सायकली वाटतील.

त्याच स्वाराने ७८ अंशांची बैठक घेतली, तर त्यास गादी ६०.४ सेंटिमीटरवर हवी. या चौकटीवर ती ६१.५ च्या खाली जात नाही. सर्व स्पेसर व रायझर काढले तरी ११ मिलिमीटर कमी पडतात. एकाच माणसास एकच चौकट एका बैठकीत नेमकी बसते आणि दुसऱ्या बैठकीत बसतच नाही. म्हणून विक्रेत्याने “ही सायकल पुष्कळ वरखाली होते” असे सांगितले तरी तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. आपल्याला हवा असलेला बिंदू त्या पल्ल्यात पडतो काय, आणि पडत असल्यास बेसबार कोठे ठेवून, हेच विचारले पाहिजे.

७. आंबा घाटाचा प्रश्न

बेसबार इतका महत्त्वाचा का, याचे उत्तर देवरूखच्या भूगोलात आहे. सपाट देशात शर्यत खेळणारा स्वार बहुतेक वेळ गादीवरच असतो. बेसबार त्याला वळणापुरता लागतो. देवरूख सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. जांभ्या दगडाचे सडे, त्यांना चिरीत गेलेल्या नद्या आणि एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाताना येणारे चढउतार, असा हा मुलूख आहे. येथून साखरप्याकडे निघालेला स्वार रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्याला लागतो आणि पुढे आंबा घाट चढून घाटमाथ्यावर जातो. परतताना तोच घाट उतरावा लागतो.

वाऱ्याचा विरोध गतीच्या वर्गाने वाढतो. त्यावर खर्चावयाची शक्ती गतीच्या घनाने वाढते. स्वाराचे शरीर हा त्या विरोधाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग असतो, म्हणून बैठकीचे महत्त्व. कोकणच्या उष्ण हवेची घनता दर घनमीटरास १.१५ किलोग्रॅम धरू आणि हँडल खाली केल्याने विरोधाचे क्षेत्र ०.३० वरून ०.२८ चौरस मीटरवर आले असे समजू. ताशी ३६ किलोमीटर गतीने सपाटीवर वाऱ्यासाठी लागणारी शक्ती १७२.५ वॉटवरून १६१ वॉटवर येते. साडेअकरा वॉट वाचतात. हा लाभ खरा आहे.

आता ६ टक्के चढ आणि ताशी १२ किलोमीटर गती धरू. सायकलीसह ८० किलोग्रॅम वजन वर उचलण्यास १५७ वॉट लागतात आणि वाऱ्यासाठी अवघे ६.४ वॉट. तीच सुधारणा येथे वाचविते ०.४ वॉट. घाटात हँडल खाली ठेवल्याचा फायदा म्हणजे समुद्रात थेंब. उलट, खाली वाकून श्वास आखडल्याने होणारी हानी त्याच्या कितीतरी पट असू शकते. चढाला शहाणा स्वार गादी सोडून बेसबार धरतो, आणि त्या वेळी त्याची पाठ किती वाकेल हे गादीच्या उंचीने नव्हे, तर बेसबारच्या उंचीने ठरते.

उतारावर तर प्रश्न सुरक्षिततेचा होतो. गिअरची बटणे पुढच्या दांड्यांवर असली तरी ब्रेक बेसबारच्या टोकांना असतात. घाटाच्या वळणावर, समोरून मालमोटार येत असताना, हात गाद्यांवर असणे म्हणजे हात ब्रेकपासून दूर असणे होय. तेव्हा उतार बेसबार धरूनच उतरावा लागतो. बेसबार सीटपासून सोळा सेंटिमीटर खाली असेल तर शरीराचा भार पुढच्या चाकावर व तळव्यांवर येतो आणि पुढचे वळण दिसावे म्हणून मान मागे मोडावी लागते. पावसाळ्यात ओला रस्ता व त्यावर वाहून आलेली खडी असेल तर ही बैठक अवघडच नव्हे, तर धोक्याची ठरते.

म्हणून सपाट प्रदेशातील रचनाकार जो क्रम सुचवितात, म्हणजे बेसबार शक्य तितका खाली ठेवून गाद्या रायझरवर उचलाव्यात, तो वायुविरोधाच्या दृष्टीने समर्थनीय असला तरी घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्याने तो उलटा करावा. प्रथम बेसबारची उंची चढ व उतार यांसाठी स्पेसरने ठरवावी. त्यानंतर उरलेली उंची रायझरने भरावी. स्पेसरमुळे जोडणी जितकी मागे आली तितक्या गाद्या व दांड्या पुढे सरकवाव्यात. मर्यादा एकच : गादी बेसबारच्या किमान सहा सेंटिमीटर वर बसते, म्हणून गादीच्या हव्या त्या उंचीतून हे अंतर वजा केल्यावर जे उरेल त्याहून बेसबार वर नेता येत नाही.

८. किती खाली?

आता राहिला गादीचा प्रश्न. येथे वायुगतिशास्त्र एकटे निर्णय देऊ शकत नाही. गादी एका मर्यादेपलीकडे खाली नेली तर स्वार समोर पाहण्यासाठी डोके वर काढतो, खांदे रुंदावतात आणि वाऱ्याला दिसणारा आकार पुन्हा वाढू लागतो. त्याहूनही निर्णायक गोष्ट काळाची आहे. तीन तासांच्या सायकलीत जी बैठक स्वार दर दहा मिनिटांनी मोडतो, ती कागदावर कितीही जलद असली तरी प्रत्यक्षात त्याची नव्हेच.

मानेचा टोकाचा दाखला अमेरिका ओलांडणाऱ्या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या शर्यतीत मिळतो. १९८३ साली मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोके सावरता येईना. त्या अवस्थेस आजही त्याच्याच नावाने ओळखतात. याच शर्यतीत २०१५ साली नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र या महाजन बंधूंनी दोघांच्या संघाने आणि २०१७ साली नागपूरच्या अमित समर्थ यांनी एकट्याने अंतर पुरे केले. इतक्या दीर्घ प्रवासात मान हा बैठकीचा सर्वांत दुबळा सांधा ठरतो. ९० किलोमीटरच्या शर्यतीत ती अवस्था येत नाही, पण कारणपरंपरा तीच आहे. धड जितके आडवे तितकी मान मागे वळवावी लागते.

व्यवहारात पुढील रीत उपयुक्त ठरते. प्रथम सीटची उंची व पुढेमागे स्थान निश्चित करावे आणि मगच हँडलास हात लावावा. गादी आरंभी मुद्दाम उंच ठेवावी. दर वेळी ५ मिलिमीटरच खाली न्यावी, त्या वेळी दुसरे काहीही बदलू नये आणि दोन आठवडे त्याच मापावर नेहमीचा रस्ता चालवावा. पाहावयाच्या खुणा तीन. न मोडता गादीवर राहण्याचा वेळ घटला काय? सीटच्या टोकाकडे घसरणे सुरू झाले काय? सायकलीवरून उतरल्यानंतरच्या पहिल्या दोन किलोमीटर धावण्यात कंबर व मांडीचा पुढचा भाग जखडतो काय? तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल तरच पुढची पायरी उतरावी. एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर एक पायरी वर यावे. प्रत्येक माप वहीत तारखेसह लिहून ठेवावे. स्मरणावर विसंबू नये.

९. खरेदीपूर्वीची परीक्षा

एवढ्या विवेचनानंतर सायकल घेण्यापूर्वी काय पाहावे हे सांगणे सोपे जाते. चौकटीचा स्टॅक व रीच निर्मात्याच्या तक्त्यात दिलेले असतात. त्यांवरून गादीची किमान व कमाल उंची वर दाखविलेल्या रीतीने काढावी. आपला बिंदू पल्ल्याच्या अगदी टोकाशी नको, मध्याजवळ हवा, कारण वय, वजन व सराव यांनुसार शरीर बदलते आणि बैठकीस दोन्ही दिशांनी जागा लागते.

वापरलेली सायकल घेताना चिमट्याची नळी आधीच कापलेली आहे काय, हे अवश्य पाहावे. स्टेमखाली एकही स्पेसर नसेल आणि वरही नळी शिल्लक नसेल, तर त्या सायकलीचा बेसबार यापुढे वर जाणार नाही. रायझर घालून गादी उंचावेल; घाटाचा प्रश्न मात्र तसाच राहील. नळी कार्बनची असेल तर स्पेसर किती घालता येतील यास निर्माते बहुधा मर्यादा घालून देतात. ती ओलांडणे म्हणजे नळी मोडण्याचा धोका पत्करणे होय. रायझर वाढविले की त्यांचे बोल्टही लांब घ्यावे लागतात. आखूड बोल्टाचे दोनतीनच आटे धरीत असतील तर ती जोडणी भरवशाची नव्हे.

शेवटची परीक्षा ब्रेकच्या नळ्यांची. अनेक नव्या सायकलींत तेलाच्या ब्रेकनळ्या स्टेम व चौकट यांच्या पोटातून नेलेल्या असतात. हँडल दोन सेंटिमीटर उचलावयाचे तर नळी अपुरी पडते, ती नवी घालावी लागते आणि तेल पुन्हा भरावे लागते. अशा सायकलीची उंची कागदोपत्री बदलण्याजोगी असली तरी जेथे हे काम जाणणारा मिस्त्री नाही तेथे ती प्रत्यक्षात कायमची ठरून जाते. जुन्या सायकलीच्या ब्रेकची सळई साध्या पान्याने सरकत असे. येथे मात्र आधी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. जुळणीची सोय ही केवळ यंत्राचा गुण नसून यंत्र, स्थळ व कारागीर या तिघांचा मिळून होणारा गुण आहे, हे यावरून ध्यानी यावे.

निर्मात्यांनाही ही अडचण उमगलेली दिसते. २०१६ साली सर्व्हेलो कंपनीने आणलेल्या पी५एक्स या सायकलीत गाद्या एका मधल्या खांबावर बसवून तो खांबच वरखाली सरकवावयाची योजना केली. पाचरीच्या दांडीची मूळ कल्पना निराळ्या रूपाने परत आली, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु तेथेही सरकते ती गादी. बेसबारची उंची स्वतंत्रपणे ठरवावी लागते.

१०. उपसंहार

सारांश, ट्रायथलॉन-सायकलीच्या हँडलची उंची हे एक माप नसून दोन मापांची जोडी आहे. गादीची उंची सपाट रस्ता आणि काळ यांच्याशी बांधलेली असते, तर बेसबारची उंची चढ, उतार आणि ब्रेक यांच्याशी. पहिली ठरविताना सीट किती पुढे आहे हे सोडून चालत नाही. दुसरी ठरविताना आपण कोणत्या मुलखात सायकल चालवितो हे सोडून चालत नाही. बाजारात जे पल्ले सांगितले जातात ते बहुधा पहिल्या मापाचे असतात. घाटाखालच्या स्वाराने दुसऱ्याची चौकशी आवर्जून करावी आणि दोन्ही मापे हाती आल्याशिवाय पैसे मोजू नयेत.